वॉर्डातली सिस्टर कामचुकार झाली की खचली? मेमोआधी ड्युटी चार्ट बघा

प्रश्न थोडक्यात असा: सरकारी रुग्णालयातला ३० खाटांचा वॉर्ड, एक इन्चार्ज सिस्टर आणि हाताखाली ७ स्टाफ नर्स. त्यातल्या दोघी एके काळी वॉर्डच्या आधार होत्या. आता एक सतत चिडलेली असते, दुसरी आयत्या वेळी रजा टाकते. मेट्रन (रुग्णालयातल्या नर्सच्या प्रमुख) म्हणतात मेमो द्या. हे बर्नआउट (कामाच्या ताणाने खचणं) आहे की कामचुकारपणा, आणि नवीन पदं भरली जाणार नाहीत हे धरून चाललं तर इन्चार्जच्या हातात काय उरतं?

मेमो लिहिण्याआधी गेल्या तीन महिन्यांचे ड्युटी चार्ट काढा आणि एक साधं गणित मांडा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. सीएल (किरकोळ रजा), ईएल (अर्जित रजा) आणि आजारपण मिळून अजून तीसेक दिवस जातात. एक नर्स प्रत्यक्षात २८० दिवसांच्या आसपास वॉर्डात असते. म्हणजे एका शिफ्टमधली एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला १.३ माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा माणसं धरायला सांगितली आहेत, ती याच हिशेबाने. ३० पेशंटसाठी सकाळी ४, दुपारी ३ आणि रात्री २ अशी बेताची मांडणी केली तरी ९ जागा होतात आणि त्यासाठी १२ माणसं लागतात. ७ जणींत जेमतेम ५ जागा भरतात: सकाळी दोघी, दुपारी दोघी, रात्री एक. रात्रपाळी १२ तासांची असेल आणि तिच्या बदल्यात नाईट ऑफ द्यायचे असतील, तर तेवढ्याही भरत नाहीत. तरीही वॉर्ड चालतोय, याचा अर्थ कुणाचे तरी ऑफ बुडताहेत, कुणी तरी डबल ड्युटी करतंय. कोण, ते चार्टवर दिसेल. बहुतेक वेळा ती तीच असते, जिला आता मेमो निघणार असतो. कारण ‘नाही’ न म्हणणाऱ्या माणसालाच फोन जातो.

पेशंटची संख्या आणि नर्सचं खचणं यांचा संबंध मोजलेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. तिथले आकडे एका नर्समागे चार ते आठ पेशंटचे आहेत. आपल्याकडे रात्री एकटीने तीस बघणं नेहमीचंच.

आता ओळखायचं कसं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद रोग म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळला न गेल्यामुळे होणारी अवस्था, अशी केली. तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. पुस्तकात ही तीन अंगं सुटसुटीत दिसतात. वॉर्डात ती अशी दिसतात.

शक्ती संपल्याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ऑफ घेऊनही माणूस ताजं होत नाही. साधा थकवा दोन रात्री सलग झोप मिळाली की उतरतो. बर्नआउटमध्ये ऑफचा अख्खा दिवस झोपून जातो आणि संध्याकाळी उद्याच्या ड्युटीच्या विचाराने छातीत धडधड सुरू होते. आयत्या वेळची रजा बहुधा इथूनच येते: सकाळी सहाला युनिफॉर्म अंगावर चढवला जातो, पण पाय दाराबाहेर पडत नाही. रजेच्या अर्जात पोटदुखी लिहिलेली असते. ती खोटी असतेच असं नाही. डोकेदुखी, पित्त, पाठ धरणं हे सगळं सोबत येतं. वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर पाणी किती प्यायलं जातं आणि ड्युटीत बाथरूमला जायला मिळतं का, हे विचारा.

अंतर पडल्याची खूण पेशंटच्या बाबतीत दिसते. ‘बारा नंबर बेड’ असं सगळ्याच म्हणतात, त्यावरून काही ठरत नाही. बदल बघायचा. जी नातेवाइकांना दोनदा समजावून सांगायची, ती आता केसपेपरवरून मान वर करत नाही. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, दहा मिनिटं बोलणारी दोन मिनिटांत आटपते. मॉनिटरचा अलार्म वाजत राहतो आणि ती येते, पण उशिरा. चिडचिडही याच खात्यात धरा. चिडणाऱ्या सिस्टरला अजून फरक पडत असतो. पूर्वी भांडणारी अचानक गप्प झाली तर मला जास्त काळजी वाटते.

तिसरं अंग कागदावर सापडतं आणि ते दोन टोकांचं असतं. एका टोकाला टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्टवर सगळ्या पेशंटचं श्वसन २०, तापमान नॉर्मल, नाडी ८० किंवा ८२: म्हणजे न मोजता भरलेलं. सलाइनच्या सुईवर तारीख नाही. स्वतःला चुकून सुई टोचल्याची नोंद नाही, कारण नोंद केली की तीन कागद भरायचे. दुसऱ्या टोकाला ड्युटी संपल्यावरही तास-दीड तास थांबणारी, एकच इंजेक्शन तीनदा तपासणारी, घरी पोचल्यावर ‘अठरा नंबरचं इन्शुलिन दिलं ना मी?’ म्हणून वॉर्डात फोन करणारी. या दुसरीचं कौतुक होतं आणि त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मग कामचुकारपणा कसा वेगळा काढायचा? कामचुकार माणूस कामात टाळतो आणि बाहेर मजेत असतो. त्याची वागणूक पहिल्यापासून तशीच असते आणि सोयीच्या ड्युटीला तो वेळेवर येतो. खचलेल्या माणसाचा आलेख वरून खाली आलेला असतो. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की दोघी चांगल्या कामाच्या होत्या. अर्धं उत्तर तिथेच आहे.

पण बर्नआउट म्हणून मोकळं होण्याआधी इतर कारणं तपासायला हवीत. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, साखर एवढ्या तपासण्या रुग्णालयातच होतात. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, आणि ९ हिमोग्लोबिनवर नाईट करणाऱ्या कितीतरी सिस्टर स्वतः दुसऱ्यांना लोहाच्या गोळ्या वाटत असतात. चाळिशीच्या पुढे असेल तर पाळी जाण्याच्या काळातली झोपमोड लक्षात घ्या. घरी मारहाण आहे का, आजारी सासू-सासरे आहेत का, हेही. आणि नैराश्य. बर्नआउट सुरुवातीला कामाशी बांधलेलं असतं: दीर्घ रजेवर माणूस थोडा सावरतो, लग्नकार्यात हसतो. नैराश्य सगळीकडे सोबत येतं. आवडीचं काहीच आवडत नाही, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, आणि हे सलग दोन आठवडे रोज असतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाळणी मराठीत मिळते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून काहीही आलं, तर एकूण गुण किती हे बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

बोलायचं कुठे आणि कसं? ओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर अजिबात नाही, आणि नाईट संपल्यावर सकाळी आठला थांबवूनही नाही. मॉर्निंग शिफ्टच्या शेवटी, दार लावून, पंधरा मिनिटं. सुरुवात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून करा: ‘या महिन्यात तुझे तीन ऑफ बुडालेत, मी चार्ट बघितला. झोप कशी आहे गं?’ एवढं विचारून गप्प राहायचं. पहिलं उत्तर ‘काही नाही सिस्टर, ठीक आहे’ हेच असतं. दुसऱ्यांदा विचारावं लागतं. ‘आमच्या वेळी आम्ही चाळीस पेशंट एकटीने बघायचो’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी गिळा. आणि जे ती सांगेल ते तिच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, हे आधीच सांगा आणि पाळा. एकदा हे मोडलं की पुढची पाच वर्षं त्या वॉर्डात कुणी तोंड उघडणार नाही.

आता चार्टची दुरुस्ती. पदं न वाढवता सगळ्यात जास्त फायदा इथेच मिळतो. पाळी पुढच्या दिशेने फिरवा: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट, मग ऑफ. उलट्या दिशेने शरीर जुळवून घेत नाही. इव्हिनिंगनंतर दुसऱ्या दिवशी लगेच मॉर्निंग देऊ नका. कागदावर मध्ये ११-१२ तास दिसतात, पण ओव्हर, बस, स्वयंपाक, मुलांचा डबा काढून टाकला की पाच तास झोप उरते. सलग नाईट तीनपेक्षा जास्त नकोत. सात नाईट एकदम करून मोकळं होण्याची पद्धत अनेकींना सोयीची वाटते, कारण मग सलग ऑफ मिळतात आणि गावी जाता येतं. पण चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत झोपेची उधारी इतकी साचते, की औषधाच्या हिशेबात चुका होऊ लागतात. एकदम तीनवर आणता येत नसेल तर सातवरून चारवर आणा. नाईटनंतरचा पहिला दिवस झोपण्यात जातो. तो ऑफ म्हणून मोजू नका, पुढचा मोजा. चार्ट किमान दोन आठवडे आधी लावा. गौरी-गणपती, दिवाळी, ईद, नाताळ कुणी केले याची वेगळी वही ठेवा आणि ती सगळ्यांना बघू द्या. अन्याय झाल्याची भावना माणसाला ड्युटीच्या तासांइतकीच पोखरते, आणि तिच्यावरचा हा उपाय एका वहीच्या किमतीत होतो.

नाईटला पहाटे २ ते ४ च्या दरम्यान आळीपाळीने २० ते ३० मिनिटांची डुलकी उघडपणे मान्य करा. लपून झोपणं जास्त धोक्याचं, कारण मग कोण कुणाचे पेशंट सांभाळतंय हे ठरलेलं नसतं. वॉर्डात एकटीच असेल तर शेजारच्या वॉर्डशी जोडी लावा, तिच्या इन्चार्जशी बोलून, वेळ लिहून. डुलकीनंतर पंधरा मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात इंजेक्शन भरायचं नाही. इन्शुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड हे पहाटे दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय देऊ नये. पहाटे तीननंतर चहा नको. कॅफिनचा अर्धा अंमल उतरायला पाचेक तास लागतात आणि घरी जाऊन झोप लागत नाही. नाईट करून डोळे मिटत असताना स्कूटी चालवू देऊ नका. अर्धा तास झोपून जा म्हणावं, किंवा रिक्षाने.

पुढचा भाग काम कमी करण्याचा. इथे मेट्रनपेक्षा डॉक्टरांशी बोलणं उपयोगी पडतं. शिरेतून एक डोस द्यायचा म्हणजे औषध काढणं, विरघळवणं, सुई चालू आहे का बघणं, देणं, फ्लश, नोंद. सात मिनिटं सहज जातात. २० पेशंटना दिवसातून तीनदा म्हणजे ६० डोस, ७ तास. जे पेशंट तोंडाने खातात, ताप उतरलेला आहे, त्यांचं अँटिबायोटिक ४८ तासांनंतर गोळीवर आणता येईल का, हे राउंडमध्ये रोज विचारायचं. निर्णय डॉक्टरांचाच, पण कुणी विचारलं नाही तर इंजेक्शन डिस्चार्जपर्यंत चालू राहतं. २० पैकी १० जण गोळीवर आले तर दिवसाचे साडेतीन तास वाचतात. पेशंटच्या शिरा वाचतात त्या वेगळ्याच. तसंच, स्थिर पेशंटचं दर चार तासांचं बीपी आठ तासांवर आणायचा लेखी आदेश घ्या. डिस्चार्जचे कागद दुपारी दोनला, नेमके ओव्हरच्या वेळी, येतात. ते अकराच्या आत मागा.

नर्सिंगबाहेरचं काम किती होतं ते मोजल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. तीन दिवस भिंतीवर एक कागद लावा आणि प्रत्येक वेळी फक्त रेघ मारा: स्टोअरला जाऊन इंडेंट (मागवलेलं सामान) आणणं, लॅबचा रिपोर्ट शोधणं, पेशंटला एक्स-रेला नेणं, धोब्याचे कपडे मोजणं, पोर्टलवर माहिती भरणं, ‘डॉक्टर कधी येणार’ या प्रश्नाला उत्तर देणं. बेरीज घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे जा आणि एकच मागणी करा. ‘स्टाफ वाढवा’ यावर उत्तर ठरलेलं आहे. ‘सकाळी ९ ते ११ रिपोर्ट आणि एक्स-रेसाठी एक कक्षसेवक’ या मागणीला नाही म्हणणं जड जातं. विद्यार्थिनींना मात्र स्टाफमध्ये मोजू नका. परीक्षा आली की तो डोलारा कोसळतो.

जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी चार्टवर नावासकट लिहा: कोण जाणार, तिचे पेशंट कोण बघणार. ‘वेळ मिळेल तसं जेवा’ म्हटलं की डबा संध्याकाळी तसाच घरी जातो.

नातेवाइकांची भीती हा स्वतंत्र ताण आहे आणि तो सुट्टीने जात नाही. एका पेशंटमागे एकाच नातेवाइकाला पास. मृत्यूची किंवा प्रकृती बिघडल्याची बातमी डॉक्टरांनी सांगायची, सिस्टरने एकटीने नाही. शिवीगाळ झाली, हात उगारला, तर नोंद त्याच शिफ्टमध्ये. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार आरोग्यसेवकांवरच्या हिंसेला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. कोलकात्यात रुग्णालयातच एका महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने केंद्र सरकारच्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय संस्थांना, ६ तासांत संस्थेनेच गुन्हा नोंदवावा असं कळवलं. तुमचं रुग्णालय त्यात येत नसलं तरी पद्धत उचलण्यासारखी आहे: तक्रारदार म्हणून सिस्टरचं नाव पुढे करून प्रशासन मागे राहिलं, तर पुढच्या वेळी ती तक्रारच करणार नाही.

लहान मूल दगावलं, प्रसूतीत आई गेली, कुणाच्या हातून औषध चुकलं, अशा दिवशी शिफ्ट संपण्याआधी दहा मिनिटं एकत्र बसा. काय झालं, आत्ता कुणाला घरी सोडायला हवं, उद्या त्या बेडवर कोण. दोष कुणाचा हे त्या दिवशी नाही. बोलायची सक्तीही नको. मानसिक धक्क्यानंतर सगळ्यांना बसवून जबरदस्तीने अनुभव वदवून घेण्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास होऊ शकतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ताणमुक्तीची कार्यशाळा, तीही ऑफच्या दिवशी, सक्तीच्या हजेरीने, हा जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे. १२ मेला, परिचारिका दिनी, गुलाब आणि केक, आणि त्याच संध्याकाळी डबल ड्युटीचा फोन, हे प्रत्येक सिस्टरला पाठ आहे. योग, प्राणायाम, चालणं यांचा फायदा होतो, पण ज्याला सहा तास झोप मिळते त्याला. क्रम चुकवू नका.

वॉर्ड सुधारतोय का हे मोजायचं असेल तर कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी वापरा: १९ प्रश्न, फुकट, नावाशिवाय भरून घ्यायची. मॅस्लॅकची २२ प्रश्नांची जास्त प्रसिद्ध आहे, पण तिला पैसे पडतात. काहीच बदलायची तयारी नसेल तर मोजू नका, लोक पुढच्या वेळी खोटं भरतात. रजिस्टरमधूनही कळतं: एक-एक दिवसाच्या आजारी रजा, बदलीचे अर्ज, सुई टोचल्याच्या नोंदी. सहा महिन्यांत चूक झाल्याची एकही नोंद नसेल तर खूश होऊ नका. तिथे लोक नोंद करायला घाबरतात.

दोन प्रसंगी मात्र थांबायचं नाही. पहिला, औषधांचा. झोपेसाठी अल्प्राझोलम, दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा पेंटाझोसिन वॉर्डच्या साठ्यातून स्वतःला घेणं हे होतं आणि लपतं. रिकाम्या अँप्युलची मोजणी जुळत नाही, वेदनाशामक देण्याची ड्युटी एकच जण मागून घेते, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं स्वेटर. हा आजार समजून उपचाराकडे वळवा आणि कपाटाची किल्ली गाजावाजा न करता दुसरीकडे द्या. दुसरा, मरणाच्या बोलण्याचा. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असं थेट विचारलं म्हणून विचार पेरला जात नाही. ‘हो’ म्हणाली तर एकटं सोडू नका, नाईट रद्द करा, घरच्या विश्वासू माणसाला बोलवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढायची लाज वाटणाऱ्यांना तो सोपा पडतो.

खाजगी रुग्णालयातल्या सिस्टरांसाठी दोन ओळी. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं ही अडवणूक आहे, प्रमाणपत्रं लेखी परत मागा. पगाराबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० खाटांखालच्या रुग्णालयातही महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० खाटांवरच्या रुग्णालयाने सरकारी पगाराइतका द्यावा, अशी शिफारस केली होती. बोलणी करताना हा आकडा हाताशी असू द्या.

तुमच्या दोघींपैकी जिला रजेची गरज आहे तिला रजा द्या, पण परतताना जुन्याच चार्टमध्ये टाकू नका. पहिले तीन-चार आठवडे नाईट नको, कॅज्युअल्टी नको, एकटीची शिफ्ट नको. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच पंधरा मिनिटांचं बोलणं. सौम्य अवस्थेत महिन्या-दीड महिन्यात झोप आणि रजांचं प्रमाण सुधारताना दिसतं. खोलवर खचलेल्या माणसाला कित्येक महिने लागतात. दीड महिन्यात काहीच हललं नाही तर पीएचक्यू-९ आणि रक्ताच्या तपासण्यांकडे परत जा. दुसऱ्या वॉर्डात बदली हा पर्याय तेव्हा तिच्याशी बोलून ठेवा, शिक्षा म्हणून नाही आणि तिच्या पाठीमागेही नाही.